कृष्णकमळाचा वेल: पानंच पानं, फुलं कुठं?

आमच्या बेळगावात दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, वेल गच्चीपर्यंत गेला, पण फूल एक नाही. बहुतेक वेळा कारण दोनच, एक ऊन कमी आणि दुसरं शेणखत जास्त. कृष्णकमळाला रोज पाच-सहा तास कडक ऊन पाहिजेच, आणि शेणखतातलं नत्र जास्त झालं की नुसतं पानांचं रान होतंय बघा.

लावायचा असेल तर मिरगाचा पाऊस सुरू झाला की शेजारणीकडून पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचं तीन-चार पेरांचं तुकडं मागा, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील असं खोचा आणि सावलीत ठेवा, नवीन पालवी फुटून मुळं धरली की मग जागेवर लावायचा. खानापूर-जांबोटीकडं पाऊस धो धो, तिथं वाफा उंच करा, पाणी साचलं की मुळं कुजतात. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत वाळू मिसळा. जाळी, कुंपण, ग्रिल काहीही चालतंय, वेलाचे गुंडाळणारे दोरे, म्हणजे तणावे, स्वतःच धरतात.

छाटणीला घाबरू नका! फुलं नवीन फुटीवरच येतात, म्हणून थंडी सरली की फेब्रुवारीत जुना गुंता बिनधास्त कापा. खत त्यानंतर एकदा, तेही मूठभर.

आता अळ्या. तांबूस, अंगभर काटे असलेल्या, घोळक्यानं येतात आणि पानाची नुसती शीर ठेवतात. भगव्या रंगाची छोटी फुलपाखरं वेलाभोवती संथ घिरट्या घालताना दिसली की समजायचं, यांचीच पिल्लं. निपाणीकडं कोण तंबाखूचं पाणी मारा म्हणतील, मी तरी मारत नाही, कारण फुलावर काळे भुंगे येतात ते पण मरतील. काडीनं अळ्या पाडा, थोडी पानं त्यांना पण जाऊ देत, मोठा वेल त्यानं मरत नाही. आणि देठाला मुंग्या दिसल्या म्हणून पावडर टाकू नका, देठावरच्या बारीक गाठीतून गोड रस येतो, त्याला त्या येतात, वेलाला त्रास काही नाही.

फूल एकच दिवस टिकतं हं, जांभळ्या तंतूंचे कौरव, वर पाच पांडव मोजून दाखवायचे असतील पोरांना तर सकाळीच, संध्याकाळपर्यंत मिटायला लागतंय.