शिक्षेवर काय म्हणायचंय?

फौजदारी वकिलीत आलात की जामीन, उलटतपास कोर्टात बसून बसून येतं. मी आपटलो ते भलतीकडेच, शिक्षेवरच्या सुनावणीत.

वकिलीची सनद मिळून चौथं वर्ष. सदोष मनुष्यवधाचा खटला, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ भाग २. दुपारी साडेतीनला आरोपी दोषी ठरला आणि लगेच विचारणा झाली, "शिक्षेच्या मुद्द्यावर काय म्हणायचंय?" मी म्हणालो, "पहिलाच गुन्हा, घरात एकटा कमावता, दया व्हावी." आणि बसलो. या कलमाला कमाल १० वर्षं होती, किमान काहीच नाही. म्हणजे सगळा खेळ याच सुनावणीत होता. ८ वर्षं लागली. व्हरांड्यात त्याच्या आईनं पिशवी उघडली. शाळा सोडल्याचा दाखला, लहानपणी डोक्याला मार लागल्याचे सिव्हिलचे कागद, फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी. "साहेब, हे कुणी मागितलंच नाही." कुणी म्हणजे मीच.

दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं ऐकून घ्यायचं, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२), आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २५८(२). ही सुनावणी म्हणजे नुसते दोन शब्द बोलणं नव्हे, कागद-पुरावाही देता आला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच संता सिंग खटल्यात सांगितलंय. म्हणून कागद द्यायला पुढची तारीख मागा. पण तारखेच्या भरवशावरही राहू नका, मिळेलच असं नाही. वकीलपत्रावर सही होते त्याच दिवशी घरच्यांकडे कागद मागा आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. निकालाआधी ती कोर्टात काढायची नाही. माझे सिनियर म्हणायचे, आधीच कागद जमवणं म्हणजे हरल्याची कबुली. सिनियर चांगले होते, पण हे साफ चूक. इंटरनेटवरून दयेच्या निकालांचा गठ्ठा छापून आणणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

वक्तृत्व नाही म्हणून घाबरू नका, मी अजूनही अडखळतो.

पुढे पूर्णवेळ प्राध्यापक झालो, सनद स्थगित करावी लागली. (अर्धवेळ, दिवसाला ३ तासांपर्यंत शिकवलं तर वकिली चालू ठेवता येते; आधी नीट विचार करा, मी केला नव्हता.) आता मोफत विधी सहाय्याच्या वकिलांसाठी असेच कागद जमवायला विद्यार्थ्यांना आरोपींच्या गावी पाठवतो. परवा एक पोरगी शाळेच्या हजेरीपटाची झेरॉक्स घेऊन आली. सलग दोन वर्षं दिवाळीनंतर गैरहजर, शेरा: 'ऊसतोडीला'. मी विचारलं, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का? नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं परत गेली.