शिक्षेवरची सुनावणी : फौजदारी वकिलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात ज्युनियर म्हणून उभे राहणार असाल, तर उलटतपासणीइतकीच तयारी शिक्षेवरच्या सुनावणीची करा. सत्र खटल्यात आरोपी दोषी ठरला की शिक्षेच्या मुद्द्यावर त्याचं ऐकावंच लागतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) खाली होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २५८(२) खाली. पण बहुतेकदा वकील एवढंच म्हणतात, "साहेब, घरात कमावता हा एकटाच, दया व्हावी." निकालपत्रात तेवढंच उतरतं आणि अपिलात बोलायला काही उरत नाही.

शिक्षा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं हवीत, असं फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्येच सुचवलं होतं. ती अजून आलेली नाहीत. मारहाणीत हाड मोडलं, तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ ला, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या ११७(२) ला, सात वर्षांपर्यंत कैद आहे. किमान किती, हे कायदा सांगत नाही. फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालाचा (फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यात) आधार मिळतो, रोजच्या मारामारीत तसा ठरलेला मापदंड नाही.

इंग्लंडमध्ये २०१० पासून सेंटेन्सिंग कौन्सिल आहे. ती मसुदा काढते, लोकांची मतं मागवते, मग तत्त्वं लागू करते. न्यायाधीश आधी दोष किती आणि इजा किती हे ठरवतात, त्यावरून सुरुवातीची शिक्षा धरतात आणि मग ती वाढवतात किंवा कमी करतात. ही तत्त्वं फुकट वाचायला मिळतात. आपल्या कोर्टात दाखला म्हणून नव्हे, मुद्द्यांची यादी म्हणून ती जरूर वाचा.

कळमना बाजारातल्या एका हमाल पोराच्या खटल्यात जीवघेण्या हल्ल्याचं कलम टिकलं नाही, ३२५ सिद्ध झालं. आम्ही आधीच कागद जमवले होते : आईच्या डायलिसिसची मेडिकलमधली (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातली) फाईल, अडत्याचं पत्र, वयाचा दाखला. पोरगा घटनेच्या वेळीच नव्हे, निकालाच्या दिवशीही एकवीसच्या आत होता. अशा वयात परिवीक्षा कायदा, १९५८ (कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा) चं कलम ६ मांडायलाच हवं. कैद द्यायची तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. साहेबांनी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. माझ्या मते त्या दिवशी खरं काम त्या कागदांनी केलं.

फिर्यादी जखमी असतो, त्याच्या भरपाईबद्दलही स्वतःहून बोला. आणि आरोपी आत राहिला असेल, तर वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहातून कोठडीच्या दिवसांचा दाखला निकालाआधीच आणा. सेट ऑफचा, म्हणजे आधीच आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करण्याचा, हिशेब त्यावरच होतो.