विठोबावर चिडलात तरी चालेल, फक्त अबोला धरू नका

माझ्या बाबांनी १९ वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली, आणि २०व्या वर्षी निघायला आठ दिवस असताना सकाळी दाढी करता करता उजवी बाजू गेली, वाचा पण गेली. तिसऱ्या महिन्यात आई दिवेलागणीला हरिपाठ म्हणत होती तर पलंगावरून बाबांचा आवाज, तिच्याबरोबर, एक शब्द न चुकता! आम्ही सगळे रडलो. मग मी विचारलं, बाबा पाणी देऊ का, तर नुसतं "ते... ते... ते". इतका संताप आला ना मला, म्हणजे याला स्वतःचं नाव ऐकायचंय पण माझ्या बापाला पाणी मागू द्यायचं नाही?

नंतर स्पीच थेरपिस्टनी सांगितलं की पाठ असलेल्या गोष्टी, गाणी, अगदी शिव्यासुद्धा, पुष्कळदा टिकतात, बाकी भाषा गेली तरी. म्हणजे चमत्कारही नाही आणि थट्टाही नाही. पण तोवर मी १५ दिवस देवघराकडे बघितलं नव्हतं.

तर तुमच्या घरात असं काही झालं असेल तर आधी एक करा, "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे स्वतःला जबरदस्तीने म्हणायला लावू नका. पटत नसेल तर नाही पटत. भांडा. खरंच भांडा. आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे, जनाबाईने विठ्ठलाला "अरे विठ्या" म्हणून अशा शिव्या दिल्यात की इथे टाइप करवत नाहीत, आणि नामदेवांनी तर तोंडावर सांगितलं की पतितपावन हे तुझं नाव ऐकून दारात आलो होतो, तसा तू नाहीस, जातो माघारी. यांना कोणी नास्तिक म्हणालं का? ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याशीच माणूस भांडतो, परक्याशी कोण भांडतंय.

कसं करायचं, तर दार लावून घ्या, समोर बसा, "हे प्रभो" वगैरे नको, सरळ अरे-तुरे. आणि मोघम बोलू नका. "माझ्यावर अन्याय का" असं म्हटलं की पाच मिनिटांत आपणच कंटाळतो. मी म्हणायचे, "आज त्यांना चमच्याने वरण भरवलं, निम्मं शर्टावर सांडलं, त्यांनी मान फिरवली, हे तू बघितलंस का?" उत्तर येत नाही, सांगून ठेवते. पण दहा मिनिटांनी छातीवरचं थोडं उतरतं आणि दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटतं, माझ्या मते विश्वास म्हणजे एवढंच.

नेम मोडला असेल तर छोटा करा, बंद करू नका. अख्खा हरिपाठ जमत नाही? एक अभंग. तोही नाही? नुसती वात लावा आणि उठा.

आता सगळंच त्याच्या खात्यावर टाकू नका हेही सांगते, कारण बाबा वारीत बीपीची गोळी सर्रास चुकवायचे, "माऊली बघतील" म्हणत. ते माऊलींचं काम नव्हतं. आणि माणसांनी केलेला अन्याय तर देवाची इच्छा म्हणून मुळीच गिळू नका. चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या दाराशी आहे, आत नाही, जिवंतपणी त्यांना आत सोडलंच नाही. ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. गुरुजींचा देवावर विश्वास नव्हता असं म्हणाल का?

"मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" म्हणणारे नातेवाईक येतीलच. आमच्या एक मावशी हातात केळी घेऊन आल्या आणि हे बोलल्या, बाबांसमोर. बाबांना ऐकू येत होतं हो सगळं! चहा द्या, विषय बदला, आणि तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या घरी गेलात तर हे वाक्य तोंडातून काढू नका, डबा न्या किंवा दोन तास पेशंटजवळ बसा म्हणजे घरच्यांना झोप मिळेल. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, आणि सांगतात की त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. का गेली याचं उत्तर मिळालं म्हणून नाही, पण भोवतीचे लोकही त्याच दुष्काळातून गेले होते ना.

झोप उडाली, जगणंच नको वाटायला लागलं तर मात्र १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे. त्यात श्रद्धा कमी पडली वगैरे काही नसतं.

यंदा आषाढीला पहाटे टीव्हीवर महापूजा लावली होती. बाबा उशीला टेकून बघत होते, बराच वेळ गप्प, आणि मग एकदम स्पष्ट म्हणाले, "मेल्या!" आई दचकली, म्हणाली अहो कोणाला? बाबांनी डावा हात उचलून टीव्हीकडे केला, आणि डोळे पुसले, आणि मग अंघोळ घाला अशी खूण केली, कारण एकादशीला त्यांना धुतलेलं धोतर लागतं.