अर्धशिशी, गोळ्या आणि एक वही
अर्धशिशी मला कॉलेजपासून आहे. परंतु महिन्यातले वीसएक दिवस डोके दुखू लागले, तेव्हा त्याचे एक कारण पर्समधली वेदनाशामक गोळ्यांची पट्टीच असू शकते, हे मेंदुविकारतज्ज्ञांनी सांगेपर्यंत माझ्या मनातही आले नव्हते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास औषधे) किंवा एकाहून अधिक औषधे असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या औषधानेच डोकेदुखी जडू शकते. त्यांच्या सांगण्यावरून मी रोज वहीत दुखण्याची वेळ, झोप, जेवण, पाळी आणि गोळी लिहू लागले. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिल्यावर दुसऱ्या दिवशी डोके हमखास धरते, हे वहीनेच दाखवले (सासूबाईंनीच मग हा उपवास बंद करायला सांगितले). गोळ्या बंद केल्यावरचे पहिले दोन आठवडे फार कठीण गेले. सोबत प्रतिबंधक म्हणून रोज प्रोप्रॅनोलॉल सुरू झाले. दम्याच्या रुग्णांना ते सहसा देत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी आधी तेच विचारले होते. गुण यायला दोन महिने लागले. आता महिन्यात चार-पाच दिवस दुखते आणि त्या दिवशी मी खोलीत अंधार करून पडते.