सॅक्रामेंटो नदीवर गाइडसोबत मासेमारी: आधी महिना, मग मासा

गाइडला फोन लावून पहिलाच प्रश्न "सामन मिळेल का?" असा विचारू नका. "अमुक महिन्यात येतोय, तेव्हा नदीत काय असतं?" असं विचारा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या या नदीवर बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) किंवा सॅक्रामेंटोतून पहिल्यांदा जाणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा इथेच ठरते. सुट्टी आधी ठरते, मासा मनात पक्का असतो आणि नदीत त्या वेळी भलताच मासा चढत असतो.

कोणत्या महिन्यात काय

एप्रिल-मे हे स्ट्राइप्ड बासचे दिवस. हा मासा मुळात अटलांटिक किनाऱ्याचा. १८७९ मध्ये न्यू जर्सीतून रेल्वेने आणलेली जेमतेम सव्वाशे पिल्लं मार्टिनेझजवळ सोडली, नंतर आणखी एक खेप आली आणि त्यातून कॅलिफोर्नियातली सगळी वीण वाढली. पाण्याचं तापमान ६० अंश फॅरेनहाइटच्या पुढे सरकलं की हा डेल्टातून, म्हणजे नदीच्या खालच्या, फाटे फुटलेल्या भागातून, वर निघतो आणि नाइट्स लँडिंग, कोलूसा या वरच्या गावांपर्यंत अंडी घालायला जातो. शरद ऋतूत तो पुन्हा डेल्टात, रिओ विस्टाच्या आसपास मिळतो.

मे-जूनमध्ये शॅड येतो. आपल्या हिलसाच्या कुळातला, तितकाच काटेरी आणि गळाला लागला की अंगापेक्षा जास्त ओढणारा. अमेरिकन आणि फेदर या सॅक्रामेंटोला मिळणाऱ्या नद्यांत तो झुंडीने चढतो. लहान मुलं सोबत असतील तर आमच्या मते पहिली फेरी शॅडचीच करावी. काठी हलकी, मासा भरपूर आणि दिवसाची मर्यादा २५ असल्याने मुलं कंटाळत नाहीत.

सामन म्हणजे इथे चिनूक जातीचा. मासेमारी मुख्यतः फॉल रनवर, म्हणजे शरदात समुद्रातून नदीत चढणाऱ्या झुंडीवर, चालते आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिचे भरीचे महिने. पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी कॅलिफोर्नियात सामनची मासेमारी पूर्ण बंद होती. दुष्काळात नद्या तापल्या, अंडी आणि पिल्लं वाचली नाहीत, त्याचा फटका पुढच्या हंगामांना बसला. समुद्राचा हंगाम एप्रिलमध्ये ठरतो, नद्यांचा साधारण मे महिन्यात. त्यामुळे तो निर्णय येण्याआधी सामनसाठी परत न मिळणारी अनामत देऊ नका. हंगाम उघडला तरी नदीचा कोणता पट्टा, कोणत्या तारखा आणि माणशी किती मासे, हे दर वर्षी बदलतं.

हिवाळ्यात स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन परत येणारा रेनबो ट्राउट, असतो. त्यात पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असेल तोच ठेवता येतो, कारण तो हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेला. पर शाबूत असेल तर मासा रानटी आणि लगेच सोडायचा. स्टर्जन मोठा असतो, फोटोला भारी दिसतो, पण त्यावर आता कडक संरक्षण आहे. घरी न्यायच्या आशेने त्याची ट्रिप घेऊ नका.

गाइड ठरवताना

भाव साधारण माणशी २०० ते ३०० डॉलर, त्यात काठ्या आणि आमिष धरलेलं असतं. परवाना मात्र आपला आपण काढायचा. १६ वर्षं आणि पुढच्या प्रत्येकाला तो लागतो. एका दिवसाचाही मिळतो आणि वार्षिक परवाना आता घेतल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतो. स्टीलहेडसाठी वेगळं रिपोर्ट कार्ड (पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड) लागतं. हे सगळं आदल्या रात्री घरूनच करून ठेवा, पहाटे पाचला रॅम्पवर (होडी पाण्यात उतरवायच्या उतारावर) फोनला रेंज मिळेलच असं नाही.

गाइडकडे राज्याचा गाइड परवाना हवा आणि जलवाहतुकीच्या पट्ट्यात प्रवासी नेत असेल तर कोस्ट गार्डचाही. विचारायला संकोच करू नका, चांगला गाइड आपणहून दाखवतो. होडीवर एकूण किती जण असतील तेही विचारा. सामनसाठी चारच्या वर माणसं म्हणजे दोऱ्यांचा गुंता ठरलेला. वारा किंवा धरणातून सोडलेलं पाणी यामुळे फेरी रद्द झाली तर पैशांचं काय, हा दुसरा प्रश्न.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, तो संडासाचा. नदीवरच्या उघड्या जेट होड्यांवर बहुधा सोय नसते, गाइड काठाला लावतो किंवा रॅम्पवर परत नेतो. आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर हे आधी बोलून घ्या आणि सहा-आठ तासांऐवजी अर्ध्या दिवसाची फेरी घ्या. तेरा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या छोट्या होडीत लाइफ जॅकेट अंगावर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. मापाचं जॅकेट गाइडकडे आहे का, तेही विचारा.

सोबत काय

जुलैतही पहाटे डेल्टाचा वारा बोचतो आणि अकराला ऊन भाजतं, म्हणून थरांवर थर घाला. तळवा न घसरणारे बूट, टोपी आणि पोलराइज्ड चष्मा हवाच, कारण जोरात सुटून येणारं दोऱ्याचं शिशाचं वजन डोळ्याला लागू शकतं. खायला दशम्या-चटणी उत्तम, सांडत नाही. केळी मात्र घरी ठेवा. होडीवर केळी अपशकुनी, असा इकडच्या मासेमाऱ्यांचा समज आहे. खरं-खोटं सोडा, गाइडचा मूड दिवसभर चांगला राहतो हे महत्त्वाचं.

सनस्क्रीन रॅम्पवर येण्याआधीच लावा आणि हात साबणाने धुवा. सामनचं नाक फार तिखट असतं. सनस्क्रीनचा किंवा पेट्रोलचा वास लागलेलं आमिष तो टाळतो. आमिषाला शक्यतो गाइडलाच हात लावू द्या.

होडीवर: सामन

खोल डोहात गाइड बहुतेक वेळा क्विकफिशसारखं डुलणारं प्लास्टिकचं आमिष वापरतो आणि त्याच्या पोटाला तारलीचा तुकडा बांधतो. तुकडा साधारण तीन इंची, मांसाची बाजू बाहेर, वरून लवचीक धाग्याचे घट्ट वेढे, आणि गळ मोकळे. तुकडा मोठा झाला किंवा एका बाजूला सरकला की आमिष डुलायचं थांबतं, म्हणून सोडण्याआधी होडीच्या कडेला पाण्यात धरून बघतात. ते डावीकडे पळत असेल तर पुढची कडी किंचित उजवीकडे वळवायची. वीस-तीस मिनिटांत तारली धुतली जाऊन वास संपतो, तेव्हा ती बदलावीच लागते. मासा लागत नाही म्हणून गाइड दोरा गुंडाळायला सांगतो तेव्हा कुरकुर करू नका.

होडीचं नाक प्रवाहाच्या वर असतं आणि मोटर प्रवाहापेक्षा जरा मंद, त्यामुळे होडी हळूहळू मागे सरकते. सगळी आमिषं एका रांगेत डोहात उतरली की सामनपुढे भिंत उभी राहते. म्हणून गाइडने "पन्नास फूट" म्हटलं की रीलवरचा आकडा बघून पन्नासच सोडा. एकाने सत्तर सोडले तर भिंतीला खिंडार पडतं आणि वळणावर दोन दोऱ्यांचा गुंता होतो.

चावा बसल्यावर काठीला हात घालायची घाई हाच सगळ्यात मोठा दोष. टोक दोन-तीनदा हलतं, ते सामन आमिष चाचपत असतो. काठी पूर्ण वाकून पाण्याकडे खेचली जाते आणि रीलमधून दोरा सुटू लागतो, तेव्हाच ती होडीच्या कडेच्या होल्डरमधून काढायची. आधी झटका दिलात तर आमिष त्याच्या तोंडातूनच निघून येतं.

होडीवर: स्ट्राइप्ड बास

इथे होडी प्रवाहाबरोबर वाहते आणि जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) तळाजवळ नाचवायचा असतो. तीन तोंडांच्या स्विव्हलला (फिरत्या कडीला) खाली एक-दोन औंस शिसं, दुसरीकडे साधारण तीन फूट लीडर (गळाकडचा दोऱ्याचा तुकडा) आणि मिनोच्या दोन्ही ओठांतून १/० किंवा २/० मापाचा गळ. शिसं तळाला टक-टक लागत राहिलं पाहिजे. सारखं घासत असेल तर दोरा जास्त झालाय, अजिबात लागत नसेल तर कमी. पहिल्या ठोक्याला काठीचं टोक जरा खाली करून ढील द्या. वजन जाणवलं की काठी सरळ उचला. तळाला अडकलं असेल तर ओढ निर्जीव असते. काठी ताणून मोडण्यापेक्षा गाइडला हाक मारा.

या माशासाठी आजवरचा नियम माणशी दोन आणि किमान १८ इंच. तरी निघण्याआधी चालू नियम बघा. नदीत आपली मर्यादा आपणच भरायची, शेजाऱ्याने आपल्यासाठी मासा धरायचा नाही.

ओढताना

काठी वर उचला, मग खाली आणताना गुंडाळा. मासा दोरा ओढत असेल तेव्हा हँडल फिरवू नका, दोऱ्याला पीळ बसतो. ड्रॅगला (दोरा किती ताणावर सुटेल ते ठरवणाऱ्या रीलच्या ब्रेकला) हात लावू नका, तो गाइडने दोऱ्याच्या ताकदीप्रमाणे बसवलेला असतो. अनेक पट्ट्यांत उलटा काटा नसलेलेच गळ लागतात, त्यामुळे दोरा क्षणभर सैल पडला तरी मासा सुटतो. सगळ्यात जास्त मासे होडीपाशी सुटतात. आपल्याला वाटतं झालं, आणि तो होडी बघून शेवटची धाव घेतो. त्या वेळी काठी उभी करू नका, टोक मोडतं. तिरकी ठेवून त्याला पळू द्या आणि जाळीचं काम गाइडवर सोडा.

सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा, कल्ल्यात बोटं घालू नका, शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका.

घरी नेताना

ठेवायचा मासा लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्यायचा आणि बर्फात टाकायचा. बहुतेक गाइड शेवटी साफ करून देतात. डोकं आणि मधला काटा हवा असेल तर आधीच सांगा, नाहीतर कालवणाचं सगळं सामान कचऱ्यात जाईल. स्ट्राइप्ड बासच्या मांसातली लाल पट्टी काढून टाका, उग्र वास तिथेच असतो. सोन्याच्या खाणींच्या काळातला पारा अजून या नद्यांत आहे. १८ ते ४९ वयाच्या स्त्रिया आणि मुलांनी इथला स्ट्राइप्ड बास खाऊ नये, असा राज्याचा आरोग्यसल्ला आहे. सामनबाबत तो सल्ला बराच सैल आहे. पण नदीचा सामन कच्चा खाऊ नका, त्यात जंत असू शकतात.

टिप साधारण १५ ते २० टक्के, रोख. आणि गाडीत कूलरचं खालचं बूच उघडं ठेवून त्याखाली एक ट्रे सरकवा. बर्फाच्या पाण्यात दोन तास पडलेलं मांस घरी पोचेपर्यंत लिबलिबीत होतं.