बेसमेंट राहण्याजोगे स्वतः कसे करावे: आधी ओल, मग भिंती

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्यपश्चिम भागांत, तसेच कॅनडातील ऑन्टारियोमध्ये, बहुतेक घरांना बेसमेंट असते. हिवाळ्यात जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते त्याच्याही खाली घराचा पाया न्यावा लागतो, आणि एवढे खोदकाम करायचेच आहे तर त्या जागेचा वापर करावा, या विचारातून ही तळघरे आली. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट किंवा टोरोंटो परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या जागेची निकड वेगळ्या कारणांनी भासते. भारतातून आई-वडील काही महिन्यांसाठी राहायला येतात, गणपतीत पाहुण्यांची दाटी होते, मंडळाच्या नाटकाच्या तालमीला मोकळी जागा लागते. तेव्हा उघडा कोबा, उघड्या काँक्रीटच्या भिंती आणि वर दिसणारे नळ व तारा झाकून तिथे खोल्या कराव्यात, असे प्रत्येक घरात कधी ना कधी ठरते.

यातील बरेचसे काम हाताला थोडी सवय असलेला माणूस स्वतः करू शकतो. मात्र हा लेख ज्या क्रमाने लिहिला आहे त्याच क्रमाने काम करावे, असा माझा आग्रह आहे. रंग, फरशी आणि दिवे यांची निवड सगळेजण उत्साहाने करतात. पण बेसमेंटचे आयुष्य ठरते ते भिंतीमागे काय आहे यावरून, आणि तिथे झालेली चूक सुधारायची तर पुरी झालेली खोली उखडावी लागते.

पाणी आणि ओल

पहिला संपूर्ण पावसाळी हंगाम आणि बर्फ वितळण्याचा काळ केवळ निरीक्षणात घालवावा. घर नवे असेल तर काँक्रीटमधील पाणी सुकायलाही बराच अवधी लागतो, त्यामुळे ही वाट पाहणे वाया जात नाही. भिंतींवर पांढरा क्षार फुटला आहे का, कोबा आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यात काळसर ओल दिसते का, भेगांच्या कडेला गंजाचे डाग आहेत का, हे जोरदार पावसानंतर विजेरी घेऊन पाहावे. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचे जाड प्लास्टिक कोब्यावर आणि भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक-दोन दिवस तसेच ठेवावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतील दमट हवा गार काँक्रीटवर निवत आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. दमट हवेचा उपाय पुढे उष्णतारोधनाच्या भागात येईल.

जमिनीतून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त बहुधा घराच्या बाहेरच करावा लागतो. छताच्या पन्हळी साफ कराव्यात आणि त्यांचे उभे नळ पायाजवळ न सोडता किमान पाच-सहा फूट दूर न्यावेत. पायालगतच्या मातीला घरापासून बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार असावा, असे अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता सांगते. आतून लावायच्या जलरोधक रंगावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण बाहेरून दाब देणाऱ्या पाण्याला तो फार काळ अडवत नाही. भेगेतून पाणी झिरपत असेल तर ती इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनने भरून घ्यावी. भिंत आतल्या बाजूला फुगलेली दिसली किंवा भेग आडवी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. सम्प पंप (कोब्यातील खड्ड्यात साठलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) असेल तर त्याला बॅटरीवर चालणारा जोडपंप बसवावा, कारण वादळात पाणी वाढते नेमक्या त्याच वेळी वीज जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये इडा चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कला झोडपले, तेव्हा न्यूयॉर्क शहरातील बळींपैकी बहुतेकजण तळघरातील घरांमध्ये अडकलेले होते. ज्या तळघरात पाणी शिरल्याचा इतिहास आहे तिथे झोपण्याची खोली करू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो.

रेडॉन आणि जुने घर

रेडॉन हा जमिनीतून येणारा, रंग आणि वास नसलेला किरणोत्सारी वायू आहे. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते प्रमुख कारण मानले जाते. त्याचा चाचणी संच हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. घराची दारे-खिडक्या बंद ठेवून तो बेसमेंटमध्ये सूचनेप्रमाणे ठेवावा आणि प्रयोगशाळेला पाठवावा. अमेरिकेत हवेच्या प्रतिलिटर ४ पिकोक्युरी आणि कॅनडात प्रति घनमीटर २०० बेकरेल (ही दोन्ही किरणोत्साराची एकके) या पातळीला उपाय करावा, असे तेथील शासकीय यंत्रणा सांगतात. उपाय म्हणजे कोब्याखालची हवा नळीने ओढून छतावर सोडणारा पंखा. ती नळी भिंती उभ्या राहण्याआधी सहज बसते, नंतर नाही. म्हणून चाचणी आताच करावी.

घर १९८० पूर्वीचे असेल तर ९ इंची जुन्या फरश्या, त्यांखालचा काळा डिंक आणि नळांवरचे पांढरे वेष्टन यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासात गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, असू शकते. नमुन्याची तपासणी होईपर्यंत ते खरवडू, तोडू किंवा घासू नये.

आराखडा, परमिट आणि बाहेर पडण्याची वाट

कागदावर आराखडा काढताना प्रथम हलवता न येणाऱ्या गोष्टी मांडाव्यात: पोलादी खांब, तुळया, घर उबदार ठेवणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, विजेचे पॅनेल, पाण्याची मुख्य चावी आणि सांडपाण्याच्या नळाचे झाकण. खांब घराचा भार वाहतो, त्यामुळे तो हलवण्याचा विचार करू नये. खोलीची भिंतच त्याच्या रेषेत घ्यावी. चावी, झाकण आणि विजेच्या जोडपेट्या यांच्यापर्यंत पुढेही हात पोचला पाहिजे, म्हणून तिथे उघडणारे दार ठेवावे. भट्टीसमोर दुरुस्तीसाठी किमान ३० इंच मोकळी जागा लागते, आणि ती खोलीतील हवा घेऊन जळणारी असेल तर तिला बंदिस्त कोठडीत कोंडता येत नाही. राहत्या खोलीची उंची साधारण ७ फूट असावी लागते. तुळई किंवा हवेच्या नळकांड्याखाली ती ६ फूट ४ इंचांपर्यंत चालते.

झोपायची खोली करायची असेल तर आगीच्या वेळी थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी अनिवार्य आहे. अमेरिकी संहितेनुसार उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच असावी आणि खिडकीचा उंबरा जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नसावा. इथे अनेकांची गल्लत होते. २० गुणिले २४ इंचांची खिडकी केवळ ३.३ चौरस फुटांची भरते. म्हणजे उंची २४ इंच ठेवली तर रुंदी ३४ इंचांहून थोडी अधिक लागते. ऑन्टारियोत मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको, असा नियम आहे. सत्तरी ओलांडलेली आई रात्री या खोलीत झोपणार असेल तर खिडकीचा उंबरा शक्य तितका खाली घ्यावा आणि खिडकीबाहेर जमिनीत केलेल्या खड्ड्यात शिडी किंवा पायऱ्या बसवाव्यात. पायाची भिंत कापण्याचे काम व्यावसायिकाकडे सोपवावे, आणि खोदण्याआधी अमेरिकेत ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्या आखून घ्याव्यात.

परमिट टाळण्याचा मोह होतो, परंतु ते घ्यावेच. घर विकताना किंवा विम्याचा दावा करताना परवान्याविना बांधलेली खोली अडचणीत आणते. शिवाय इन्स्पेक्टर हा तुमच्या कामाचा स्वस्तातला परीक्षक असतो. घरमालकाने विजेचे काम स्वतः करावे की नाही, याचे नियम गावागणिक बदलतात. शिकागो आणि त्याच्या अनेक उपनगरांत तारा धातूच्या नळीतूनच न्याव्या लागतात, तर इतर बहुतेक ठिकाणी प्लास्टिक वेष्टनातील केबल चालते. आराखडा जमा करतानाच ही विचारणा करावी.

उष्णतारोधन आणि सांगाडा

काँक्रीटच्या भिंतीला थेट चिकटवून काचतंतूच्या गाद्या लावायच्या आणि त्यावर प्लास्टिक ताणायचे, ही जुनी पद्धत थंड प्रदेशात त्रासाचे मूळ ठरली आहे. खोलीतील दमट हवा गाद्यांमधून सरकत गार काँक्रीटपर्यंत पोचते, तिथे पाणी सुटते, आणि ते पाणी प्लास्टिकमुळे बाहेर पडू शकत नाही. काही वर्षांत आत बुरशी धरते. त्याऐवजी दोन इंच जाडीचे कडक फोमचे तक्ते फोमला चालणाऱ्या डिंकाने थेट काँक्रीटवर बसवावेत आणि सांधे चिकटपट्टीने बंद करावेत, म्हणजे खोलीतील हवा गार पृष्ठभागाला शिवतच नाही. वरच्या मजल्याच्या कडेच्या तुळयांमधील खाचांतही फोमचे तुकडे कापून बसवावेत आणि कडा फवाऱ्याच्या फोमने भराव्यात. थंड हवा सर्वाधिक तिथूनच शिरते. फोम जळताना विषारी धूर सोडतो, म्हणून राहत्या भागात तो उघडा ठेवता येत नाही, त्यावर अर्ध्या इंचाचे ड्रायवॉल (कागद चढवलेले जिप्समचे तक्ते) हवेच.

फोमपुढे लाकडी सांगाडा उभा करावा. तळपट्टी दाब देऊन औषध मुरवलेल्या लाकडाची घ्यावी, तिच्याखाली फोमची पातळ पट्टी अंथरावी आणि काँक्रीटच्या स्क्रूंनी ती कोब्यात घट्ट करावी. वरची पट्टी कुठे येईल हे तुळयांवर खडूच्या दोरीने आखून, तिथून ओळंबा सोडून खालची रेषा ठरवावी. कोबा क्वचितच समतल असतो, त्यामुळे सगळे स्टड (सांगाड्यातील उभे लाकडी दांडे) एका मापाचे कापून ठेवू नयेत. प्रत्येक जागी माप घेऊन कापावेत आणि मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच अंतर ठेवावे. डेन्व्हरसारख्या भागात फुगणारी माती कोबा वर उचलते. तिथे भिंत वरून टांगून तळाशी मोकळी फट ठेवण्याची पद्धत बंधनकारक असते. सांगाड्यातील पोकळ्यांमधून आग वर चढू नये म्हणून छताजवळ आणि खोट्या छताच्या खाचांपाशी लाकडाचे अडसर ठोकावेत.

वीज, पाणी आणि तपासणी

भिंतीवरील कोणत्याही बिंदूपासून सहा फुटांच्या आत सॉकेट येईल अशी मांडणी करावी, म्हणजे दोन सॉकेटमध्ये १२ फुटांपेक्षा अधिक अंतर राहत नाही. नव्या संहितेनुसार बेसमेंटमधील सॉकेटना ग्राउंड फॉल्टपासून, म्हणजे वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊन बसणाऱ्या धक्क्यापासून, संरक्षण लागते. तारेसाठी स्टडला पाडलेले छिद्र कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळ असेल तर त्यावर पोलादी पट्टी ठोकावी, नाहीतर ड्रायवॉलचा स्क्रू तारेत शिरतो. पॅनेलमधील जोडणी मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी असे म्हणेन. धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे इशारे देणारे यंत्र बसवावे, आणि धुराचे यंत्र वरच्या मजल्यांवरील यंत्रांशी जोडावे, म्हणजे खाली धूर झाला तरी वर झोपलेले जागे होतात.

न्हाणीघर करायचे असेल तर सांडपाण्याचा मुख्य नळ कोब्याच्या वर आहे की खाली, हे आधी पाहावे. वर असेल तर मैला उचलून टाकणारा पंप लागतो आणि खर्च बराच वाढतो.

या टप्प्यावर काहीही झाकू नये. सांगाडा, तारा, नळ आणि उष्णतारोधन यांची तपासणी होऊन सही मिळाल्यावर प्रत्येक भिंतीचे फोटो मोजण्याची टेप लावून काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना त्यांचा उपयोग होतो. तबला किंवा तालमीचा आवाज वर जाऊ नये असे वाटत असेल तर छताच्या तुळयांमध्ये खनिज लोकर भरण्याची वेळही हीच आहे.

ड्रायवॉल, छत आणि जमीन

आधी छत, मग भिंती असा क्रम ठेवावा, आणि भिंतीचे तक्ते कोब्यापासून अर्धा इंच वर उचलून लावावेत, म्हणजे थोडे पाणी सांडले तरी कागद ते शोषत नाही. ही फट नंतर कडेच्या पट्टीने झाकली जाते. सांध्यांवर कागदी पट्टी बसवून लांबीचे (पुट्टीचे) तीन पातळ हात द्यावेत. एकदाच जाड थर दिला तर तो तडकतो. छताला चौकटीत बसणाऱ्या सुट्या पाट्या लावल्या तर काही इंच उंची जाते, पण वरच्या नळांपर्यंत पोचता येते. उंची पुरेशी असेल तर मी त्याच निवडेन.

जमिनीसाठी भरीव लाकूड वापरू नये, कारण कोब्यातील ओलाव्याने ते वाकते. सिरॅमिक फरशी किंवा कडा एकमेकांत अडकणाऱ्या व्हिनाइलच्या फळ्या इथे टिकतात. फळ्यांच्या चारही कडांना भिंतीपासून पाव इंच जागा सोडावी. पायाला गारवा नको असेल तर खालून हवा खेळती ठेवणारे उंचवट्यांचे तक्ते आधी अंथरावेत, मात्र त्यांनी वाढलेली उंची जिन्याच्या शेवटच्या पायरीत मोजावी, कारण पायऱ्यांच्या उंचीतील फरकाने माणूस अडखळतो.

दारे, पट्ट्या आणि रंग झाल्यावर अंतिम तपासणी करून घ्यावी आणि तिचा दाखला घराच्या कागदपत्रांत ठेवावा. त्यानंतर आर्द्रता शोषणारे यंत्र लावून त्याची नळी थेट सम्पमध्ये किंवा मोरीत सोडावी, आणि उन्हाळ्यात आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहते का हे स्वस्तातल्या मापकावर पाहत राहावे. भिंती उभ्या राहिल्याने घरातील हवेचे प्रवाह बदलतात, म्हणून रेडॉनची चाचणी पहिल्या हिवाळ्यात पुन्हा करावी.