हायब्रिडवरून रोड बाईकवर येताना

सरळ हँडलची हायब्रिड सोडून खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची रोड बाईक घ्यायचं मनात आलं की मैत्रिणी मला पहिल्यांदा गियरबद्दल विचारतात. शिमानो कंपनीचा साधा गियरसंच क्लॅरिस घेऊ की त्याच्या वरचा सोरा? थोडे पैसे टाकून टियाग्रापर्यंत जाऊ का? माझं सांगणं एकच असतं, आधी माप बघ. अंगाला बसणारी, मागे आठ गियरची क्लॅरिसवाली सायकल ही न बसणाऱ्या महागड्या सायकलपेक्षा कितीतरी पटीने चांगली.

आणि त्याच्याही आधी, कशासाठी हवी आहे ते ठरवा. आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये जोडीने रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. आपल्या गावातली माणसं एवढं करतात म्हटल्यावर हुरूप येणारच, तो यायलाच हवा. पण केवळ पहिली 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राईड, करायची असेल, तर त्यासाठी नवी सायकल लागत नाही. साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटरही पडत नाहीत. हायब्रिडवर हे होतं. तासन् तास एकाच जागी हात ठेवून मनगटं भरून येत असतील, समोरचा वारा छातीवर घेऊन दमायला होत असेल, तर मात्र रोड बाईकचा खरा उपयोग आहे.

आता माप. हायब्रिड ‘मीडियम’ आहे म्हणून रोड बाईकही मीडियम, असं धरून चालू नका. सरळ हँडल गृहीत धरून हायब्रिडची फ्रेम लांब ठेवलेली असते. ड्रॉप हँडलवर हात हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवर, बरेच पुढे जातात. कंपनीच्या तक्त्यात ‘स्टॅक’ (फ्रेमच्या पुढच्या टोकाची उंची) आणि ‘रीच’ (ते टोक किती पुढे आहे) असे दोन आकडे असतात. स्टॅक जास्त तर वाकणं कमी, रीच जास्त तर ताणणं जास्त. हायब्रिडवरून येणाऱ्याने एन्ड्युरन्स प्रकारची, म्हणजे लांब पल्ल्याला आरामाची, उंच स्टॅकची फ्रेम घ्यावी. दुकानात सायकलवर बसा, हात हूडवर ठेवा. कोपरं थोडी दुमडलेली आणि खांदे कानांपासून लांब राहिले पाहिजेत. कोपरं ताठ होत असतील तर सायकल लांब आहे. थोडा फरक असेल तर 100 ऐवजी 80 मिलिमीटरचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून भागतं. दोन साइज मोठी फ्रेम मात्र कशानेच लहान होत नाही, दुकानदार सवलत देत असला तरी.

माझी उंची पाच फूट दोन इंच, हातही लहान. माझ्यासारख्यांनी दोन गोष्टी मुद्दाम बघाव्यात. बहुतेक ब्रेक लिव्हरना एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो, दुकानातच करून घ्या. दुसरं, लहान फ्रेमवर हँडल पूर्ण वळवलं की बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं. वेगात हँडल एवढं वळत नाही, त्यामुळे रस्त्यावर भीती नाही. गेटपाशी हळू वळताना बाहेरच्या बाजूचा पाय मागे ठेवायचा.

गियरचा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे, तो चढाचा. बऱ्याच हायब्रिडना पुढे तीन चकत्या असतात आणि सर्वांत लहान चकतीला बहुधा 28 दात. रोड बाईकला पुढे बहुधा दोनच, 50 आणि 34 दातांच्या. मागे 11-28 ची कॅसेट, म्हणजे 11 ते 28 दातांच्या चकत्यांचा संच, असेल तर सापुताऱ्याच्या चढावर गुडघे बोलायला लागतात. 11-32 किंवा 11-34 मागा, आणि मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी कॅसेट घेतो का, हे विचारून घ्या.

सायकल घरी आली की खरा सराव हातांचा. शिमानोच्या उजव्या बाजूला अख्खा ब्रेक लिव्हर आत ढकलला की मागची मोठी चकती, म्हणजे हलका गियर. त्याच्या मागची छोटी पट्टी दाबली की जड. डावीकडे मोठ्या लिव्हरने पुढची मोठी चकती, छोटीने लहान. कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर बोटांना हे न बघता जमेपर्यंत मुंबई-आग्रा हायवेवर जाऊ नका. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, तेही आधीच तपासा. मागे वळून बघायचं असेल तर एक हात स्टेमजवळ आणा, मग मान वळवा. हूड धरून वळाल तर सायकलही त्याच बाजूला जाते. घाट उतरताना हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर. तिथून लिव्हरला जोर नीट मिळतो, एक-दोन बोटांत ब्रेक लागतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

पहिले काही आठवडे अंतर निम्मं करा. नेहमी त्र्यंबकपर्यंत जात असाल तर अलीकडूनच परत फिरा. मान आणि पाठ हळूहळू सरावतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर ते अंगावर काढू नका. बहुतेक वेळा सीटचं टोक खाली झुकलेलं असतं आणि सगळं वजन तळहातांवर येतं. सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट हवी. क्लीट लागणारे, म्हणजे बुटाचा तळ अडकवायचे पेडल आत्ताच घेऊ नका, एका वेळी एकच नवी गोष्ट.

टायर 28 मिलिमीटरचे घ्या, आपल्या रस्त्यांना 25 कमी पडतात. हवा शंभर पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) ठोकायची गरज नाही. साठ-पासष्ट किलो वजनाला सत्तरच्या आसपास पीएसआय पुरते, पुढच्या चाकात थोडी कमी. पण बारीक टायरची हवा लवकर उतरते, म्हणून दर वेळी निघण्यापूर्वी गेज असलेल्या पंपाने बघायची. फार कमी हवेवर खड्ड्यात गेलात की ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. व्हॉल्व्हही वेगळा असतो, बारीक प्रेस्टा. वरचा छोटा नट सैल करायचा, टोक क्षणभर दाबायचं, मग पंप लावायचा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा नोझल यावर बसत नाही, म्हणून पितळी ॲडॅप्टर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा. हायब्रिडची जुनी ट्यूब तिथे ठेवून उपयोग नाही. तिचा जाड व्हॉल्व्ह रोड बाईकच्या रिमच्या भोकातून जातच नाही. मापाच्या दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या) आणि हातपंप घ्या, आणि एकदा घरी बसून मागचं चाक स्वतः काढून-लावून बघा.